भावजींनी झाकून ठेवलेली पोर

विष्णू भावजी गेले ते मला कळलं तेव्हा मी बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटबाहेर टेम्पोच्या सावलीत बसलो होतो आणि दुसऱ्याच्या डब्यातली सुकटाची चटणी खात होतो. फोन माझ्या ताईचा. "मध्या, ये," एवढंच बोलली. ताय फोन करते ती काहीतरी मागवायलाच, म्हणून मी विचारलं, "काय आणू येताना?" ती बोलली, "काय नको आणू. हे उठत नायत." बाजूचा ड्रायव्हर विचारायला लागला, "क्या हुआ चाचा?" मी बोललो, "बहनोई मजाक कर रहे हैं." मला खरंच तसं वाटलं. आमची दोघांची सगळी हयात एकमेकांची टर उडवण्यात गेली. मेव्हणा-भावजीत दुसरं बोलायला असतं काय? टेम्पो चालू केला तरी मी मनात जुळवत होतो, की पोचल्यावर बोलायचं, "भावजी, उठा, उन्हं वर आली"... मग घर आलं, ओटीवर माणसं दिसली, आणि जुळवलेलं सगळं टेम्पोतच राहिलं.

त्याला महिना उलटून गेला. हे मी बोलतोय आणि माझी सून मोबाइलवर उतरवतेय, कारण मी चौथीच्या वर्गात इतकी वर्षं बसलो की मास्तर बोलले, याचं नाव बाकावर कोरा आणि याला घरी सोडा. भावजी त्या मानाने शिकलेले. सातवी. केळव्याच्या बाजूला त्यांची वाडी, नारळ-सुपारी हाय, पण जीव सगळा पानवेलींत. पानवेल म्हणजे लहान मूल, बोलायचे. ऊन जास्त झालं तर रुसते, पानी जास्त झालं तर सडते. मला आत शिरू द्यायचे नायत. "तुझ्या बोलण्यानं पानं तिखट होतात," असं बोलायचे. मी तायचा धाकटा भाऊ, बापूस लवकर गेला, लग्नानंतर मी तिच्या मागेमागे जेवायला जायचो तो कायमचाच चिकटलो. भावजी पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "मी लग्नात हुंडा नाय घेतला. हा घेतला."

त्यांची एकुलती एक पल्लवी. शिकली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. जावई संदेश, कंप्युटरवाला, शांत पोरगा. फार शांत. पल्लवी नंतर बोलली, रागावला की तो भांडत नाय, बोलायचंच बंद करतो, आठवडेच्या आठवडे, आणि बाहेर बर्फ, आणि बँकेचं कार्ड त्याच्या खिशात. ती त्यांच्या पोरीला, रेवाला घेऊन सुट्टीला आली, परतीचं तिकीट काढून आली. रेवा तेव्हा पहिलीतलं पोर. वाडीत उतरल्या दिवसापासून ती भावजींच्या मागे, आणि भावजी तिच्या मागे. तिला पानवेलींत जायची परवानगी होती. मला जन्मात नाय मिळाली, तिला पहिल्या दिवशी. सुट्टी संपत आली तेव्हा एके सकाळी पल्लवी चुलीपाशी बसून बोलली, "बाबा, मी नाही जात." भावजींनी का म्हणून विचारलं नाय. मी त्यांचं तोंड बघत होतो. माणूस हसू दाबतो ना, तसं तोंड झालं होतं. मला ते दिसलं, आणि मी आपला चहा मागितला.

मग तिकडच्या कोर्टाचा हुकूम आला, पल्लवीच्या मोबाइलवर. पोरीला परत आणा. भावजी बोलले, "तिकडच्या कोर्टाला आपली वाडी कशी माहीत?" मी बोललो, "गूगलवर हाय. माझा टेम्पोपण दिसतो त्यात." कोणी हसलं नाय. दोन दिवसांनी आमी पालघरला एका वकीलबाईंकडे गेलो. बाईंनी विचारलं, "हे कोण?" भावजींनी हुंड्याचं वाक्य टाकलं. बाई हसल्या. त्या दिवसात त्यांचं ते पहिलं आणि शेवटचं हसणं.

बाईंनी समजावलं ते मला जमेल तसं सांगतो. जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक करार केलाय. आईने किंवा बापाने, कोणीपण, पोराला परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर पोर आधी होतं तिथे परत पाठवायचं, आणि ताबा कोणाकडे ते तिथलं कोर्ट ठरवेल. "आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही," बाई बोलल्या. भावजी खुर्चीतून उठलेच. "मग झालं की!"

"बसा काका. झालं नाही. जावई इथे हायकोर्टात येऊ शकतो. माझी मुलगी बेकायदा अडकवून ठेवलीय, तिला हजर करा, असा अर्ज करेल."

"अडकवून? अहो, पोर आईजवळ हाय. आईजवळचं पोर हरवलं कसं?"

"बापासाठी हरवलंय."

बाई पुढे बोलल्या की इथलं कोर्ट तिकडचा हुकूम बघेल, पण डोळे मिटून पाळणार नाही. पोरीचं भलं कशात आहे ते बघेल. बाप लवकर आला आणि पोर इथे रुळलेली नसेल तर फार खोलात न जाता परत पाठवतील. रुजली असेल, शाळा, मैत्रिणी, एक घर, तर नीट विचार करतील. "म्हणून आधी आपण जिल्हा कोर्टात पालकत्वाचा अर्ज टाकू. तिला शाळेत घाला. एका घरात ठेवा. बापाला रोज फोनवर बोलू द्या. आणि काही झालं तरी तिला लपवू नका. लपवलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

परत येताना टेम्पोत भावजी माझ्या बाजूला. रेल्वेच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा बोलले, "बाई काय बोलली ऐकलंस?"

"ऐकलं. लपवू नका बोलली."

"ते नाय रे. रुजली पायजे बोलली."

आता इथे पानवेलीचं सांगायला पायजे. वेल वर चढत चढत मांडवाला टेकली की ती खाली उतरवतात. वेटोळं करून बुंध्याशी मातीत घालतात, वरून माती-खत टाकून झाकतात. झाकलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. मुळं धरेपर्यंत ती माती कोणी उकरायची नाय. उघडी पडली की वेल गेली. भावजींनी जन्मभर तेच केलेलं. ते मला बोलले, "पहिले झाकायचं असतं, मध्या. मुळं धरली की मग खुशाल येऊ दे कोर्ट." मी काय बोलणार? मला वाडीतलं कळत नाय आणि कोर्टातलं कळत नाय. दोन्ही न कळणाऱ्या माणसाला दोन्ही एकदम पटतं.

पोरीला गावच्या शाळेत घातली होती. ती जेमतेम रुळत होती तोच एक दिवस पोलिसांची जीप वाडीच्या तोंडाशी आली. एका हवालदाराने साधी चौकशी केली, पाणी प्यायला, गेला. त्याच दुपारी भावजींनी रेवाची पिशवी भरली आणि माझ्या टेम्पोत ठेवली. पल्लवी रडत होती. "बाबा, मीच तिकडे जाऊन भांडते ना. तिथेपण वकील मिळतात." भावजी बोलले, "तिकडे तुजं कोण हाय?" बापाकडून रोज फोन यायचा तो भावजी उचलायचे आणि ठेवून द्यायचे. झाकायचं म्हणजे पुरतं झाकायचं.

मग सुरू झालं. पहिले सफाळ्याला माझ्या साडूकडे, तिथे शेजारच्या बाईने फार विचारपूस केली म्हणून उमरोळीला भावजींच्या चुलतभावाकडे, तिथून कुंभवलीला माझ्याकडे, मधे एखाद रात्र वाडीत, परत सफाळे. पल्लवी बरोबर असायची, कधी नसायचीपण, कारण पोलीस आले तर आई घरी दिसली पायजे असं भावजींचं डोकं. पोर माझ्या टेम्पोच्या केबिनमध्ये. तिची उशी, रंगांची डबी, पाण्याची बाटली, सगळं तिथेच. मी तिला सांगितलं, आपण लपाछपी खेळतोय, खाकी कपडेवाला दिसला की खाली वाकायचं. पहिले ती खिदळायची. मला हॉर्न वाजवायला सांगायची, मी रिकाम्या रस्त्यावर वाजवायचो, लोक शिव्या द्यायचे, ती आणखी हसायची. मला वाटायचं, वा, माझ्यासारखा आजोबा नाय. मग एक दिवस मी तिला उतरवायला दार उघडलं तर ती हसली नाय. झोपेतून उठल्यासारखं विचारलं, "मामाआजोबा, आता कोणाचं घर?"

कुंभवलीला आमच्याकडे वारा पडला की कारखान्यांचा वास खाली बसतो. आमची नाकं मेलेली, आमाला कळत नाय. ती रात्रंदिवस खोकायची. माझी बायको खिडकीला ओलं फडकं लावायची आणि माझ्यावर करवादायची, "पोरीला आजोळ दाखवायला आणलंत की मारायला?" त्याच दिवसांत समोरच्या टपरीपाशी एक पांढरी गाडी उभी राहायला लागली. आत एकच माणूस, चहा पिणारा. मी मोठा शहाणा. मी म्हटलं, याला गप्पांत गुंडाळतो. गेलो, तंबाखूची पुडी पुढे केली. तो बोलला, "नको काका." मग माझ्या टेम्पोकडे बघून बोलला, "गाडी चांगली ठेवलीय. फिरते खूप." आणि काच वर केली. मी परत आलो आणि टेम्पोवर ताडपत्री ओढली. दुसऱ्या दिवशी ती गाडी नव्हती. ती नव्हती त्याचीच जास्त भीती वाटली.

हायकोर्टाचा हुकूम आला की पोरीला हजर करा. बाईंनी भावजींना फोनवर जे सुनावलं ते आमी सगळ्यांनी ऐकलं, स्पीकरवर नसताना. तारखेला आमी भाड्याची गाडी करून गेलो. रेवाने नवा फ्रॉक घातलेला, तायने केसांना तेल लावलेलं. एवढ्या मोठ्या कोर्टाच्या बाकावर भावजी आणि मी, पाय पोटाशी घेऊन, जशी मच्छीबाजारात उरलेली मच्छी. न्यायाधीशांनी पोरीला आपल्या खोलीत बोलावलं, एकटीला. चांगले बोलले म्हणे, चॉकलेट दिलं. आत काय झालं ते बाईंनी आमाला नंतर सांगितलं.

तिला विचारलं, तू कुठे राहतेस? ती बोलली, "मामाआजोबांच्या टेम्पोत."

शाळेत मैत्रिणी कोण? तिला एकीचं नाव आठवलं, तेपण अर्धं. इथे काय काय शिकलीस? ती बोलली, "गाडीचा आवाज आला की पळायला." आणि पप्पाशी बोलावंसं वाटतं का, विचारलं तेव्हा तिने म्हणे हळूच विचारलं, "मी इथे आहे हे पप्पाला सांगणार नाही ना? आजोबा बोलले सांगायचं नाही."

बाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नायत. फाइल बंद केली. भावजी भिंतीकडे बघत होते. ज्याच्यासाठी झाकली तेच मूळ धरलं नाय. बाई बोललेल्या, एक घर पायजे, आणि आमी तिला सगळी घरं दाखवली.

कोर्ट रागावलं असतं तर बरं झालं असतं, पण तेपण रागावलं नाय. आईला गुन्हेगार बोललं नाय. बोललं, मुलीने परत जावं, बाकीचं तिथलं कोर्ट ठरवेल. संदेशला लिहून द्यायला लावलं की पल्लवीला तिथे वेगळं घर देईन, खर्च देईन, तिच्यावर पोलीस केस करणार नाय. पल्लवी पोरीबरोबर जायला तयार झाली. दुसरं काय करणार होती? संदेश बाहेर उभा होता, निम्मा झालेला. त्याने भावजींच्या पायाला हात लावला. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. तो एवढंच बोलला, "बाबा, तुम्ही फोन उचलायचात. मला तुमच्या श्वासाचा आवाज यायचा. मग ठेवायचात."

भावजी बोलले, "मी पोरीला तरास नाय दिला."

"माहीत आहे," तो बोलला. आणि रेवा त्याच्याकडे जायच्या आधी माझ्यामागे लपली. बापापासून. शिकवलेलं चांगलं लक्षात होतं तिच्या.

परतीच्या वाटेत मी जोक मारायचा प्रयत्न केला, कोर्टातल्या चहाचा काहीतरी. भावजींनी हात वर केला. मनोरच्या आसपास बोलले, "माझी पोर कोणी अशी नेली असती, तर मीपण असाच आलो असतो रे."

तिकडे पल्लवीचं वेगळं घर झालं, रेवा आठवड्यातले काही दिवस आईकडे, काही बापाकडे. रविवारी व्हिडिओ कॉल. भावजी धुतलेला सदरा घालून बसायचे. पहिले रेवा मराठीत बोलायची, मग पल्लवी मधे सांगायला लागली ती काय बोलते ते. पल्लवीने तिथल्या कोर्टाला विचारलं, पोरीला आंब्यांच्या दिवसांत आजोळी नेऊ का? आमच्या बाई इथून मदतीला होत्या. बोलल्या, तिथला हुकूम आधी इथल्या कोर्टाकडून जसाच्या तसा करून घेऊ, म्हणजे पोर परत पाठवायची हमी राहील. भावजी बोलले, माझी वाडी लिहून घ्या, पोर परत नाय पाठवली तर वाडी तुमची. तिकडचं कोर्ट नाय बोललं. ज्या देशाची त्या करारावर सही नाय, तिथे कसं पाठवणार? आणि एकदा तिथे पोरीला लपवली होती, तेपण हुकुमात लिहिलं होतं. पल्लवीने ते वाचून दाखवलं. ज्या सहीच्या नसण्यावर भावजी त्या दिवशी खुर्चीतून उठले होते, तीच आता दाराला आडवी पडली होती. मोठी होऊन स्वतःची स्वतः येईल तेव्हाच, असं पल्लवी बोलली. भावजींनी बोटं मोजली नायत. मान हलवली फक्त.

अशी काही वर्षं गेली. शेवटचे भेटलो ते यंदाच्या पावसाआधी. मी मीठ-मसाला पोचवायला गेलो होतो. पानवेली मांडव ओलांडून वर गेलेल्या, शेंडे लोंबत होते, पानं बारीक, पिवळट. मी कधी बोलत नाय वाडीतलं, पण बोललो, "भावजी, उतरवायचा सीझन गेला की. माणूस नाय मिळाला काय? मी येतो. पानं तिखट झाली तर झाली." ते बांधावर बसले होते. बोलले, "राहू दे. आता झाकायची भीती वाटते." मी हसलो. मला वाटलं, टर उडवतायत. ते हसले नायत. वाडीत वाराच नव्हता, आणि तरी वरचे शेंडे हलत होते...

दहनाला पल्लवीला पोचता येणार नव्हतं. म्हणून ती आणि रेवा फोनवर, आणि फोन धरायचं काम माझ्याकडे. सरणापुढे मी फोन छातीशी धरून उभा, लोकांना वाटलं केवढं जबाबदारीचं काम करतोय. अग्नी दिला, सगळं झालं, मग पल्लवीचा आवाज आला, "मामा, फोन उलटा धरलायस. तूच दिसतोयस." म्हणजे त्या दोघींनी बापाचं, आजोबाचं दहन बघितलंच नाय. माझ्या नाकपुड्या बघितल्या. मी फोन फिरवला तोवर नुसत्या ज्वाळा राहिल्या होत्या. तेव्हा रेवा बोलली, तिचं आता अडखळणारं मराठी, "मामाआजोबा, आजोबा कुठे आहेत? लपले?"

पल्लवी दहाव्याला आली, एकटी, आणि गेली. आता घरात ताय एकटी. परवा मी गेलो, मागच्या दाराने आत शिरताना गुडघ्याला काहीतरी लागलं. बघतो तर खाली, पार खाली, एक दुसरी कडी. भावजींनी त्या दिवसांत ठोकलेली, रेवाच्या हाताला लागेल अशी, म्हणजे जीप आली की ती स्वतः उघडून वाडीत पळेल. वाकडी ठोकलेली, खिळे बाहेर आलेले. सुतारकाम त्यांना कधी जमलं नाय. मी बोललो, "ताय, ही काढून टाकतो. कोणाचा तरी पाय फाटेल." ती बोलली, "हात लावू नको." मग मी बघितलं, की वरची कडी ती लावतच नाय. रात्री नुसती खालची लावते, गुडघे धरून, वाकून. मी बोललो, "अगं चोर येल कोणी." ती बोलली, "येऊ दे. वरची लावली तर तिचा हात नाय पुरायचा."

रेवा आता आईच्या खांद्याला लागली. फोनवर उभी राहते तेव्हा दिसतं. वरच्या कडीला तिचा हात आरामात पुरेल. मी ते तायला बोललो नाय. अंधार पडायला लागला होता, तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मीच वाकलो आणि खालची कडी लावली.